आधी सावली मोजा, मग मांडव घाला



होळी झाली की ऊन तापू लागते. चैत्रात झळा सुरू होतात. वैशाखात तर दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो.

हा पारा कुठला, ठाऊक आहे का? तो सावलीतला असतो. हवामान खात्याचे लोक पारा उघड्या उन्हात ठेवत नाहीत. पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. त्या पेटीला फटी असतात. फटींतून वारा जातो, पण ऊन आत येत नाही. म्हणजे ४० अंश ही सावलीतली गोष्ट झाली. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला याहून कितीतरी जास्त सोसावे लागते.

म्हणून उन्हाळ्यात सावली ही चैन नाही. ती गरज आहे. घरात म्हातारी माणसे असतात. पाळण्यात लेकरू असते. बाळंतीण असते. दावणीला गाय असते. बायाबापड्या अंगणात धान्य निवडतात, गोधडी शिवतात, पापड-कुरडया घालतात. या सगळ्यांना दिवसभर बसायला सावलीची जागा हवी.

ही सावली थोड्या पैशांत, घरच्या हाताने कशी करावी आणि ती देखणी कशी दिसावी, ते या पाठात सांगितले आहे.

घरे का तापू लागली?

मराठवाड्यातली जुनी घरे माळवदाची होती. भिंती जाड, वर लाकडी सर, त्यावर मातीचा जाड थर. दाराशी ढाळज असे. येणारा-जाणारा तिथे टेके. मातीचा थर लवकर तापत नसे, म्हणून आत गारवा राही.

आता माळवदे पडत चालली. त्यांच्या जागी पत्रे आले, स्लॅब आले. माळवद दरसाल लिंपावे लागते. ते काम आता होत नाही, आणि चांगले लाकूडही मिळत नाही. पत्रा टाकणे सोपे. पण पत्रा पातळ असतो. तो झटकन तापतो आणि तापला की खालच्या माणसांवर धग टाकतो. भाकरीच्या तव्याखाली बसल्यासारखे होते.

यातून एक गोष्ट कळते. डोक्यावर नुसते काहीतरी असून भागत नाही. जे आहे ते जाड असावे, नाहीतर त्यातून वारा खेळावा.

शहरातली पाणचक्की तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. लांबच्या डोंगरातून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणले आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवले. तिथे एक मोठा हौद आहे. हौदाच्या खाली दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. वर पाणी, खाली माणूस. बाहेर ऊन रणरणत असले तरी खाली गार वाटते. जवळच एक थोरला वड आहे. त्याच्या सावलीत उन्हाळ्यात किती माणसे बसतात!

आपण गरिबाने घरावर हौद बांधायचा नाही. पण त्या कारागिरांचा विचार घ्यायचा. ऊन आणि माणूस यांच्यामध्ये चांगली आड घालायची, आणि बाजूने वारा येऊ द्यायचा. मांडव हेच करतो. मांडव हवा थंड करत नाही. तो ऊन अडवतो. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

सावली सरकते

मांडव घालताना लोक एक चूक करतात. बाजारातून बांबू आणतात, दिसेल तिथे चार खड्डे घेतात आणि मांडव उभा करतात. सकाळी सावली छान पडते. दुपारी चार वाजता पाहावे तर मांडवाखाली ऊन, आणि सावली गेली शेजाऱ्याच्या अंगणात! पैसे आपले, सावली त्यांची.

असे का होते? सूर्य सरकतो तशी सावली सरकते. सूर्य जेवढा खाली, सावली तेवढी लांब.

आपल्याकडे १९ मेच्या आसपास एक गंमत घडते. भर दुपारी, साधारण साडेबाराच्या सुमारास, सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावलीच पडत नाही. ती काठीच्या बुडाशी गोळा होते. याला 'शून्य सावलीचा दिवस' म्हणतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असते म्हणून कुणाला कळत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे ८ फूट उंच मांडवाची सावली दुपारनंतर किती सरकते, ते पाहा:

दुपारी साडेबारा: सावली बरोबर मांडवाखाली.
दुपारी २: सुमारे ३ फूट पूर्वेला.
दुपारी ३: सुमारे ६ फूट पूर्वेला.
दुपारी ४: साडेनऊ ते १० फूट पूर्वेला.
संध्याकाळी ५: सुमारे १६ फूट पूर्वेला.

आता विचार करा. मांडव १० फूट रुंद असला, तर ४ वाजता त्याच्याखाली सावली उरतच नाही. सगळी सावली बाहेर जाते. आणि ४ वाजता ऊन काही कमी झालेले नसते. उलट जमीन, भिंती, दगड सगळे तापून निघालेले असते.

म्हणून पहिला नियम असा: आधी सावली मोजा, मग मांडव घाला.

मोजायचे कसे? त्याला शाळा लागत नाही. अंगणात एक सरळ काठी रोवा. सकाळी १०, दुपारी १२, २, ४ आणि ५ वाजता तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. मी शाळेत असताना पोरांकडून हे करून घेत असे. पोरांना खेळ वाटतो, आणि सूर्याची चाल कायमची ध्यानात राहते. तुम्हीही घरच्या लेकरांना हाताशी घ्या. खडे पाहिले की सावली कोणत्या वेळी कुठे जाते, ते डोळ्यांना दिसते.

घराचे तोंड कुणीकडे?

अंगण घराच्या पूर्वेला असेल तर तुम्ही नशीबवान. दुपारनंतर घराचीच सावली अंगणात पडते. भिंत ९ फूट उंच असेल तर ४ वाजता दहा-अकरा फूट सावली फुकट मिळते. अशा घराला लहान मांडव पुरतो. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंतचे ऊन अडले की झाले.

अंगण पश्चिमेला असेल तर मांडव घराला लागून घाला. दुपारनंतर त्याची सावली घराच्या भिंतीवर चढते. भिंत तापत नाही, आणि रात्री घरात उकाडा कमी होतो. पण कलते ऊन मांडवाच्या खालून आत शिरते. त्याला पडदा हवा. पश्चिमेच्या बाजूला वरून ४ फूट पडदा सोडा. मग ४ वाजताचे ऊन आत पाच फुटांवर थांबते. मागची पाच फूट जागा सावलीत राहते. तेवढ्यात दोन बाजा बसतात. पडद्याखाली ४ फूट मोकळे राहते, म्हणून वारा अडत नाही.

अंगण दक्षिणेला असेल तर मांडव पूर्व-पश्चिम लांब घाला आणि पश्चिमेच्या टोकाला पडदा लावा. मात्र थंडीची आठवण ठेवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. भर दुपारीही काठीची सावली जवळजवळ काठीएवढी लांब पडते. दक्षिणेचा मांडव तेव्हा घरावर सावली धरतो. पण थंडीत म्हाताऱ्या माणसाला ऊन हवे असते. म्हणून वरचे आच्छादन गुंडाळून ठेवता येईल असे बांधा.

मांडव कसा उभा करावा?

आपण १२ फूट लांब आणि १० फूट रुंद मांडव घेऊ. एवढ्यात घरची पाच-सात माणसे आरामात बसतात.

मेढी: १० फूट लांबीच्या ६ मेढी घ्या. मेढ म्हणजे वर दुबेळके असलेला खांब. बाभळीची, कडुनिंबाची मेढ बांधावर छाटणी करताना मिळते. १२ फुटांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मेढी लावा. दोन मेढींत ६ फूट अंतर येते. प्रत्येक मेढ २ फूट जमिनीत आणि ८ फूट वर. जमिनीत जाणारा बुडखा आधी विस्तवावर काळा होईपर्यंत भाजा, नाहीतर त्याला डांबर लावा. मग वाळवी लवकर लागत नाही.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यात नुसती मेढ रोवली तर ती हलते. म्हणून खड्डा मोठा घ्या, मेढ उभी करा, भोवती दगड आणि मुरूम घालून चांगले ठोका.

बांबू: २० फुटी ६ बांबू पुरतात. हिशेब असा. दोन बांबूंचे १२ फुटी दोन तुकडे काढा. ते मेढींच्या दुबेळक्यात लांबीने ठेवा. ही झाली आडी. आणखी दोन बांबू मधोमध कापा. १० फुटी चार तुकडे निघतात. ते रुंदीने टाका. उरलेले दोन बांबू उभे चिरून प्रत्येकाच्या चार कामट्या करा आणि त्या १२ फुटांवर कापा. आठ कामट्या झाल्या. त्या सव्वा फुटाच्या आतबाहेर अंतराने लांबीने बांधा. उरलेले आठ-आठ फुटी तुकडे पडद्याच्या काठीला कामाला येतात.

बांबू हिरवा, कोवळा घेऊ नका. त्याला भुंगा लागतो आणि पीठ गळू लागते. विहिरीत किंवा तळ्यात पाणी असेल तर बांबू दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा आणि मग सावलीत वाळवा. त्यातला गोडवा पाण्यात उतरतो आणि भुंगा कमी लागतो.

दोरी काथ्याची, सुतळीची किंवा अंबाडीच्या वाखाची चालेल. लाकडाला लाकूड बांधाल तिथे निरगाठ मारा. ती सुटत नाही. आच्छादन बांधाल तिथे सुरगाठ मारा. ती एका ओढीत सुटते. असे का, ते पुढे सांगतो.

वर काय घालावे?

प्रत्येकाच्या घरी वेगळे सामान असते. आपल्या घरी काय आहे, ते आधी पाहा.

पाचट आणि तुराट्या: उसाचे पाचट, तुरीच्या तुराट्या शेतात मिळतात. वीतभर जाड थर द्या. सावली गर्द पडते आणि खाली धग येत नाही. वर्षभराने हे कुजू लागते. मग ते खताच्या खड्ड्यात टाका. काही वाया जात नाही.

कडबा मात्र मांडवावर घालू नका. तो जनावराच्या तोंडचा घास आहे. पऱ्हाट्याही घालू नका. कपाशीच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. मांडवावर पऱ्हाट्या ठेवल्या तर पुढच्या हंगामात तीच अळी आपल्या आणि शेजाऱ्याच्या कपाशीवर जाते. सावलीच्या नादात पीक घालवू नये.

जुनी लुगडी आणि साड्या: दोन साड्या एकावर एक घेऊन शिवा. फिकट रंगाची वर ठेवा. फिकट रंग ऊन परत फेकतो. गडद रंगाची खाली ठेवा. तिच्यामुळे डोळ्यांवर उजेड येत नाही. सुती साडी उन्हाने लवकर विरते. दुसऱ्या धाग्याची जास्त टिकते, पण ठिणगी पडली की वितळून पेटते. ती चुलीजवळ नको.

हिरवी जाळी: रोपवाटिकेत वापरतात ती. तिच्यावर ५०, ७५, ९० असे आकडे असतात. शंभर भाग उन्हातले किती भाग ऊन ती अडवते, तो तो आकडा. बसण्याच्या जागेला ७५ ची जाळी चांगली. तिच्यातून वारा जातो. मात्र पाऊस ती अडवत नाही. जाळीची कड दुहेरी मुडपून त्यात दोरी ओवा. नुसती कड बांधली तर वाऱ्याने फाटते.

वेल: दुधी, दोडका, कारले यांचे बी जानेवारी-फेब्रुवारीत लावले तर एप्रिलपर्यंत मांडव भरतो. सावलीही मिळते आणि कोरड्यासाला भाजीही मिळते. पाणी कुठून आणायचे? न्हाणीचे आणि भांडी विसळल्याचे पाणी चारीने वेलाच्या बुडाशी न्या. पाणी फारच कमी असेल तर बोगनवेल लावा. ती थोड्या पाण्यावर तगते आणि फुलते.

प्लॅस्टिकची जुनी पोती लोक वापरतात. ती उन्हाने कडक होतात आणि तिचे तुकडे पडतात. ते तुकडे गाईच्या पोटात जातात. ती टाळलेली बरी.

पत्र्याची गोष्ट

एक मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, दरसाली कुठं मांडव घालत बसायचं? एकदाचे पत्रे टाकले की झालं!"

मी म्हणालो, "मावशी, पत्रे टाका, पण तीन गोष्टी करा. पत्रा उंच टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. वरून पांढरा रंग किंवा चुना द्या. आणि पत्र्यावर दगड ठेवू नका."

पांढऱ्या रंगाचे महत्त्व शहरांनीही ओळखले आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हाने फार माणसे दगावली. मग २०१३ साली तिथल्या महानगरपालिकेने उन्हाशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तिथे झाले. रंग ऊन परत फेकतो, म्हणून खालची खोली कमी तापते.

दगडांचे काय? वैशाखात दुपारनंतर वळवाचे वादळ उठते. पत्रा उडतो आणि त्याच्यावरचा दगड खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. अशाने माणसे जखमी होतात, जीवही जातो. चार पैसे वाचवायला लोक दगड ठेवतात. पत्रा हुक आणि नटबोल्टने आढ्याला आवळा. दगडाचा भरवसा धरू नका.

मांडवालाही वादळाची भीती आहेच. ताणलेले कापड शिडासारखे वारा धरते आणि मेढीसकट मांडव उपटते. म्हणून कापड फार ताणू नका, थोडे ढिले ठेवा. दोन पट्ट्यांमध्ये हातभर फट ठेवा. तिच्यातून वारा निसटतो. आणि आभाळ काळे झाले की सुरगाठी ओढून कापड उतरवा. सुरगाठ मारायला सांगितली ती याचसाठी.

देखणेपण फुकट मिळते

काही जण म्हणतात, "गरिबाच्या मांडवाला कसली शोभा?" मला हे पटत नाही. लग्नाचा मांडव आपण किती हौसेने सजवतो! मग ज्या मांडवाखाली चार महिने बसायचे, तो वेडावाकडा का असावा? आणि देखणेपणाला पैसा लागत नाही. नजर लागते.

मेढी एका ओळीत लावा. दोन टोकांच्या मेढींना दोरी ताणा आणि मधली मेढ दोरीला लावून उभी करा. मेढ सरळ आहे की नाही, ते ओळंब्याने पाहा. दोरीला दगड बांधला की ओळंबा झाला.

आच्छादनाच्या कडा सारख्या कापा. पाचट लोंबत ठेवू नका. साड्या घातल्या असतील तर काठ बाहेरच्या बाजूला येऊ द्या. सगळ्या साड्यांचे काठ एका रेषेत आले की मांडवाला आपोआप झालर लागते. रंग दोनच निवडा. दहा रंगांचे ठिगळ डोळ्यांना टोचते.

मेढींना गेरू द्या आणि त्यावर चुन्याचे पांढरे पट्टे ओढा. खालची जमीन चोपून सारवून घ्या. एका कोपऱ्यात रांजण ठेवा. त्याच्या बुडाशी वाळू घाला. रांजणातून पाझरलेले पाणी वाळूत राहते आणि गारवा टिकतो. मेढीला एक परळ टांगा. चिमण्या पाण्याला येतील.

स्पेन देशात सेव्हिल नावाचे शहर आहे. तिथेही उन्हाळा कडक असतो. तिथे उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या घरांना बांधून रस्त्यावर पांढरे कापड ताणतात. बाजाराला आलेले लोक त्याच्या सावलीत फिरतात. दुरून लोक ते पाहायला येतात. साधे कापड आहे, पण सारखे आणि नेटके लावलेले आहे. म्हणून ते सुंदर दिसते.

खर्चाचा हिशेब

भाव गावोगावी वेगळे असतात आणि दरसाल बदलतात. म्हणून इथे फक्त हिशेबाची रीत दाखवतो. समजा, एक बांबू १०० रुपयांना मिळाला आणि जाळी एका चौरस फुटाला ५ रुपये पडली.

बांबू ६ × १०० = ६०० रुपये.
जाळी १२ × १० = १२० चौरस फूट. १२० × ५ = ६०० रुपये.
दोरी = १५० रुपये.
मेढी शेतातल्या. पडदा जुन्या साड्यांचा. मजुरी घरची.
एकूण = १,३५० रुपये.

जाळीऐवजी पाचट घातले तर ६०० वाचले. खर्च ७५० वर आला. पुढच्या वर्षी बांबू तेच राहिले तर फक्त दोरीचे १५० लागतील. तुमच्या बाजारातले भाव विचारा आणि ही बेरीज आपल्या हाताने वहीत मांडा. ज्याला हिशेब लिहिता येतो, त्याला दुकानदार फसवू शकत नाही. आणि मांडवासाठी कर्ज काढू नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

जपायच्या गोष्टी

विजेच्या तारेखाली मांडव घालू नका. चूल मांडवाखाली पेटवू नका. पाचटाचा मांडव असेल तर पाण्याचा एक डेरा आणि थोडी वाळू जवळ ठेवा. पाचटात विंचू, उंदीर, साप दडतात. म्हणून मांडवाखालच्या बाजेवरचे अंथरूण झाडून मगच निजा.

आणि एक फार महत्त्वाची गोष्ट. कुणाला ऊन लागले, अंग भाजल्यासारखे गरम झाले, माणूस असंबद्ध बोलू लागला, उलट्या झाल्या किंवा चक्कर येऊन पडला, तर त्याला लगेच सावलीत आणा. कपडे सैल करा. अंगावर साधे पाणी शिंपडा, ओली फडकी ठेवा आणि वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी पाजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते छातीत जाते. आणि १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. उष्माघात झालेल्या माणसाला अंगारे-धुपारे करत घरी ठेवले तर तो हाती लागत नाही.

मांडव आजचा, झाड उद्याचे

मांडव दरसाल डागडुजी मागतो. झाड मागत नाही. म्हणून मांडव घालाल त्याच वर्षी पावसाळ्यात अंगणाच्या पश्चिमेला, भिंतीपासून दहा-बारा फूट दूर, एक कडुनिंब लावा. पहिली दोन-तीन वर्षे त्याला कुंपण करा आणि उन्हाळ्यात पाणी घाला.

कडुनिंबाचा गुण पाहा. थंडी सरता-सरता त्याची पाने गळतात. तेव्हा आपल्यालाही ऊन हवे असते. गुढी पाडव्याला त्याला कोवळी पालवी येते. ऊन तापू लागते तेव्हा झाड पानांनी भरून जाते. आपल्याला जेव्हा सावली हवी, तेव्हाच ते सावली देते. शिवाय पानांतून पाण्याची वाफ निघते, म्हणून झाडाखाली मांडवापेक्षाही गार वाटते.

झाड मोठे होईपर्यंत मांडव आपल्याला सांभाळील. झाड मोठे झाले की ते आपल्या नातवंडांना सांभाळील.

लक्षात ठेवा

१. आधी सावली मोजा, मग मांडव घाला.
२. पश्चिमेचे ऊन पडद्याने अडवा, पण वारा अडवू नका.
३. पत्र्यावर दगड ठेवू नका.
४. आच्छादन सुरगाठीने बांधा.
५. मांडवाबरोबर एक झाड लावा.

प्रश्न

१. दुपारी ४ वाजता १० फूट रुंद मांडवाखाली सावली का उरत नाही?
२. मांडवावर पऱ्हाट्या का घालू नयेत?
३. निरगाठ कुठे मारावी? सुरगाठ कुठे मारावी?
४. ऊन लागलेल्या माणसाला तुम्ही काय कराल? चार गोष्टी लिहा.
५. तुमच्या अंगणाचे तोंड कुणीकडे आहे? तिथे पडदा कोणत्या बाजूला लागेल?

करून पाहा

उद्या अंगणात काठी रोवा. पाच वेळा खडे ठेवा. अंगणाचे चित्र वहीत काढा आणि प्रत्येक खड्याजवळ वेळ लिहा. मग घरातल्या थोरांना विचारा, की दुपारी बसायला त्यांना कोणती जागा आवडेल. मांडव तिथे सावली पडेल असा घाला.